मामाच्या जीपचा डॅशबोर्ड

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

आपल्या मेकॅनिकलवाल्यांना चार वर्षांत काय काय काढावं लागतं! गिअरचे दात काढा, कॅमची प्रोफाइल काढा, पिस्टनचं सेक्शन काढा... (काही महाभाग काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याच्या शीटवरून जीटी मारतात, ते सोडा.) पण गाडीतलं एखादं बटन नेमकं कुठे असावं, मीटर डावीकडे की उजवीकडे, हे चार वर्षांत एकदाही कोणी विचारत नाही. मशीन डिझाइनच्या पुस्तकात अर्गोनॉमिक्सची दोन-चार पानं असतात, ती आपण सरळ ऑप्शनला टाकतो. मला मात्र ती पानं मूलला मामाच्या अंगणात सोडवावी लागली, आणि तिथे ऑप्शन नव्हता.

मामांकडे महिंद्राची एमएम ५४० जीप आहे. एमएच ३४ पासिंग, २११२ सीसीचं डिझेल इंजिन, वर ताडपत्री. मामांनी एका ओपनकास्ट कोळसा खाणीत सत्तावीस वर्षं डंपर चालवला. रिटायर झाले, फंडाचे पैसे हातात आले आणि जुनी हौस वर आली : या जीपची 'विलिस' करायची. दुसऱ्या महायुद्धातली, युद्धाच्या सिनेमात दिसते ती.

तसं पाहिलं तर ही जीप विलिसचीच नात. १९४१ ते १९४५ या काळात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या, आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत महिंद्राने मुंबईत विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली. म्हणजे नातीला आजीचं लुगडं नेसवायचं, एवढंच काम. असला शौक महाराष्ट्राला नवा नाही. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने २००० च्या दशकात लोटस सेव्हनच्या धाटणीची रोडस्टर काढली होती. मूळ लोटस १९५७ ची, इंग्लंडची. हिच्या पोटात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. आणि तिकडे पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवाली हे गाव जुन्या जीप नव्याने उभ्या करण्यासाठीच ओळखलं जातं.

आमची गाडी मात्र कायद्यात अडकली. कंपनीने ठरवून दिलेली वाहनाची मूळ रचना बदलता येणार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये दिलाय. झालं, बॉडी-चासीला हात लावणं बंद. मग निदान रंग तरी लष्करी हिरवा? तोही नाही! केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. मामा दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाहेरून नाई त नाई, अंदरून त करू!" अशा रीतीने अख्ख्या विलिसचा भार बिचाऱ्या डॅशबोर्डवर आला आणि डॅशबोर्ड माझ्या गळ्यात. भाचा इंजिनिअर होऊन रायला ना!

विलिसचा डॅशबोर्ड म्हणजे एक सपाट पत्रा. मधे मोठा स्पीडोमीटर, त्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन छोटे मीटर : इंधन, टेंपरेचर, ऑइल प्रेशर आणि अँपिअर. खाली ओढायच्या मुठी. बाकी शोभेचं काही नाही, आणि म्हणूनच तो सुंदर दिसतो असं माझं मत. अडचण एवढीच की मूळ गाडीचं स्टेअरिंग डावीकडे, वायरिंग सहा व्होल्टचं आणि स्पीडोमीटर मैलांत. आमची जीप उजव्या स्टेअरिंगची, बारा व्होल्टची, आणि मूल ते सिंदेवाही किती मैल हे आमच्याकडे कोणी सांगत नाही. बारा व्होल्टवर चालणारे, जुन्या तोंडवळ्याचे मीटर मिळाले. ते पार्सलने मागवले.

त्यात मामांची नवी लहर : डॅशबोर्ड सागवानाचा. आमच्या भागातला माणूस आणि सागवान सोडेल? २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेलं, "मंग माह्या जीपले काऊन नाई?" उत्तर वायरिंगवाल्या मिस्त्रीने दिलं. पत्र्यात मीटर बसवला की त्याला बॉडी अर्थ आपोआप मिळतो. लाकडात प्रत्येक मीटरला अर्थची वेगळी काळी वायर ओढावी लागते, आणि त्या वायरींचा एक नट ढिला झाला की सगळे काटे एकदम अंगात आल्यासारखे नाचतात. विजेच्या विषयाला दोनदा बसलेल्या आमच्या काही मित्रांना जे कळलं नाही ते मिस्त्रीने दोन मिनिटांत समजावलं. पत्रा पक्का झाला. मामांनी आणून ठेवलेला सागवानाचा तुकडा मात्र पुढे कामी आला.

पत्र्याला भोकं पाडण्याआधी मी फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर बरणीची आणि औषधाच्या बाटल्यांची झाकणं मीटर म्हणून चिकटवली आणि मामांना सीटवर बसवलं. फोटोप्रमाणे मीटर मधोमध घेतले तर मामांची मान दर वेळी डावीकडे वळत होती. ताशी ५० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. मूलच्या जंगलातल्या रस्त्यावर चौदा मीटरमध्ये रानडुकरांचं अख्खं खटलं आडवं मावतं. म्हणून झाकणं उजवीकडे सरकवत सरकवत स्टेअरिंगच्या दोन आऱ्यांमधून दिसतील तिथवर आणली. इथवर काम पुस्तकाप्रमाणे चाललं होतं.

मग मी वही घेऊन मूल ते चंद्रपूर मामांच्या शेजारी बसलो. ड्रायव्हर कोणता मीटर किती वेळा बघतो याच्या रेघा मारायच्या, जो जास्त वेळा बघतो तो सर्वांत जवळ, असा माझा शास्त्रीय बेत. आख्ख्या प्रवासात रेघा झाल्या दोन! दोन्ही डिझेलच्या काट्याला. मामा हसले. "मीटर कायले पाहाचे? इंजिन बोलते ना."

हे खरं होतं. लहानपणी मी स्वतः पाहिलंय. चालत्या गाडीत बोलता बोलता मामा थांबायचे, मान जराशी तिरपी करायचे आणि म्हणायचे, पट्टा ढिला झाला. बोनेट उघडलं की खरंच पट्टा ढिला. गरम झालेलं इंजिन, कमी ऑइलवर खडखडणारे टॅपेट, हवा धरलेलं डिझेल, सगळं त्यांना आवाजावरून कळायचं. डंपरवर अर्धे मीटर बंदच असत म्हणे, कानावरच गाडी चालायची.

पण त्याच प्रवासात चिचपल्लीला एका बैलगाडीला ओलांडताना दिलेला इंडिकेटर पार चंद्रपूरच्या वेशीपर्यंत चालू होता. टिक-टिक, टिक-टिक. मी हात लांबवून बंद केला. त्यानंतर आठ दिवसांनी आरमोरीकडच्या एका गावात झाडीपट्टीचं नाटक पाहायला गेलो. (ज्यांना झाडीपट्टी ठाऊक नाही त्यांच्यासाठी : दिवाळी ते होळी हा आमच्याकडे नाटकांचा हंगाम. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, आणि नाटक सकाळ होईपर्यंत चालतं. वडसा हे त्याचं मोठं ठाणं.) मामा नेहमी मागे, तंबूच्या कनातीजवळ, पानवाल्याच्या बाजूला बसणारे. या वेळी ते पहिल्या रांगेत, अगदी ऑर्गनला लागून बसले. तरी विनोदावर सगळा मंडप हसला की मग एक क्षण उशिराने हसत होते.

मी ते पाहिलं, आणि दोन दिवसांनी बझरचा प्रसंग घडला.

ऑइल प्रेशर पडलं की वाजावा म्हणून मिस्त्रीने एक छोटा, गोल, काळा बझर आणला होता. बाजारात चाळीस-पन्नास रुपयांना मिळतो तोच. अंगणात जीप उभी, इंजिन बंद, चावी फिरवली. टीऽऽऽऽ! असा तीक्ष्ण आवाज की मिस्त्रीने एका कानावर हात ठेवला, शेजारचं कुत्रं उठून गेलं. मामा सीटवर बसलेले, पुढे वाकून म्हणाले, "लावलं काय? वाजव ना मंग."

बझर वाजतच होता.

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून वायर काढली आणि मामांना मोठ्याने म्हणाला, "बझर खराब निघाला भाऊ. बदलून आणतो."

त्या रात्री मी वाचत बसलो. सततच्या मोठ्या आवाजाने कान जातो तेव्हा तो सगळा एकदम जात नाही. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर जातात, जाड आवाज बराच काळ शाबूत राहतो. म्हणून माणसाला वाटतं, आपल्याला तर सगळं ऐकू येतंय, लोकच पुटपुटतात. आणि हे स्वस्त पिझो बझर बहुतेक करून ३ ते ४ किलोहर्ट्झच्या घरात वाजतात. नेमक्या त्याच खड्ड्यात! इंजिनाची धडधड मामांना ऐकू येत होती. पट्ट्याची चिरचिर, इंडिकेटरची टिक-टिक, मागच्या मोटरसायलीचा हॉर्न जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा अंगणात दात घासत उभे होते. म्हणाले, "बझर चांगला होता ना?"

"होता मामा."

"तुह्या मामीले सांगू नको. जीप बंद करून टाकन ते."

मी त्यांना सांगितलं की केवळ ऐकू येत नाही म्हणून लायसन्सची परीक्षाच द्यायची नाही असं होत नाही. तसा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिलाय. पण कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी झालीच पाहिजे. त्यावर मामा चूळ भरायला निघून गेले. तेव्हापासून माझ्या कामाचा विषय बदलला. विलिससारखं दिसणारं काहीतरी करायचं होतं. आता कानाचं काम डोळ्याकडे द्यायचं होतं, आणि तेही विलिससारखं दिसलं पाहिजे होतं.

इथे तिसऱ्या वर्षाची इंडस्ट्रियल व्हिजिट आठवली. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं. आम्हाला तिथल्या नाश्त्याचीच जास्त आठवण. पण वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये एक व्यवस्था असते ती लक्षात राहिली होती. काही बिघडलं की आधी हूटर वाजतो आणि भिंतीवरच्या शेकडो चौकटींपैकी एक लुकलुकायला लागते. माणूस मान वर करतो, चौकट वाचतो, बटन दाबतो, हूटर थांबतो. म्हणजे आवाजाचं काम फक्त बोलावणं, काय झालं ते दिवा सांगतो. मामांच्या बाबतीत बोलावणारा गेला होता. मग बोलावण्याचं कामही दिव्यालाच करावं लागणार, आणि असा दिवा खाली मीटरच्या ओळीत ठेवून उपयोग नाही, कारण मामा तिकडे बघतच नाहीत. तो जिथे नजर आहे तिथेच हवा.

म्हणून ऑइल आणि टेंपरेचरचा मिळून एक लाल दिवा डॅशबोर्डच्या वरच्या कडेला, पुढच्या काचेच्या पायथ्याशी, अगदी ड्रायव्हरसमोर घेतला. तो नुसता पेटत नाही, लुकलुकतो, कारण नजरेच्या कडेला स्थिर उजेडापेक्षा हलता उजेड लवकर पकडला जातो. चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी तो एकदा लुकलुकतो. तेव्हा ऑइल प्रेशर शून्यच असतं. त्यामुळे बल्ब जिवंत आहे हेही रोज कळतं. इंडिकेटरचे दोन हिरवे दिवे तिथेच, डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडे. उघडी जीप, चंद्रपूरचा मे महिना, ऊन थेट दिव्यावर. पेटलेला दिवा विझलेला दिसायचा. मग प्रत्येकाला पत्र्याची पुढे आलेली टोपी केली. रात्री उलटा प्रकार. जंगलातल्या काळोखाला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि डॅशबोर्ड झगमगला की मेहनत वाया, पुढचं चितळ दिसतच नाही. मीटरच्या उजेडाला एक रेग्युलेटर लावला, तो मामा अगदी मिणमिणता ठेवतात.

मीटरचं काय? मामा मीटर वाचणार नाहीत हे गृहीत धरलं. चाळिशी लागलेली, छोटे आकडे तसेही पुसट. मग न वाचता कळणारा मीटर हवा. ही युक्ती माझी नाही. रेसिंगवाले आणि विमानवाले फार वर्षांपासून वापरतात. मीटर त्याच्या भोकात असा फिरवून बसवायचा की सगळं ठीक असताना काटा सरळ उभा राहील, घड्याळातल्या बाराकडे. आकडा काही का असेना. पाण्याचं टेंपरेचर ८५ अंश, काटा उभा. गरम इंजिन, चालू गाडी, ऑइल प्रेशर नेहमीचं, काटा उभा. अँपिअर मीटरमधून गाडीचा सगळा करंट डॅशबोर्डमागे फिरतो, ते मला पटत नव्हतं, म्हणून त्या जागी व्होल्टमीटर घेतला : चार्जिंग १४ व्होल्टच्या आसपास, काटा उभा. तीन काटे उभे म्हणजे तीन शिपाई सावधान. एक जरी कलला तरी नजर न रोखता कळतं. डिझेलचा काटा या पलटणीत घेतला नाही, त्याचा धर्मच खाली जाण्याचा.

मात्र त्यामुळे मीटरवरची अक्षरं वाकडी झाली. एक तर चाळीस अंश कलंडलेला. मामांनी पाहिलं आणि भडकलेच. "विलिसचे मीटर असे दारू पिल्यावानी रायते काय?" फोटो नाकासमोर धरला. फोटोप्रमाणे त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. दोन दिवस वाद चालला. मी म्हटलं, मामा, लोकांना दाखवायला जीप उभी असते तेव्हा अक्षरं सरळ पाहिजेत, आणि तुम्ही रात्री वडशाहून एकटे येता तेव्हा काटे सरळ पाहिजेत. आता तुम्हीच सांगा. मामा काही बोलले नाहीत. संध्याकाळी मिस्त्रीला फोन करून म्हणाले, वाकडेच बसव.

सागवानाचा तुकडा कुठे गेला ते सांगायचं राहिलं. विलिसला चोक आणि हँड अ‍ॅक्सिलरेटर अशा दोन काळ्या मुठी शेजारी-शेजारी असतात. आमचं डिझेल इंजिन, त्याला चोक नाही. ती जागा आम्ही इंजिन बंद करायच्या स्टॉपला दिली. म्हणजे एक मूठ ओढली की इंजिन पळणार, शेजारची ओढली की मरणार, आणि दोन्ही जुळ्या बहिणी! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचं नेमकं हेच झालं होतं. जमिनीवर उतरल्यावर पायलट फ्लॅप मिटवायला जात आणि चाकंच मिटवत, विमान पोटावर. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की दोन्ही खटके शेजारी आहेत आणि सारखे दिसतात. त्याने चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. हाताला न पाहता फरक कळू लागला. विमानात चाकांच्या दांड्याला आजही चाकाच्या आकाराची मूठ असते. आम्ही स्टॉपला सागवानाची चौकोनी, जाडजूड मूठ केली. अ‍ॅक्सिलरेटरची गोल काळीच ठेवली. मूळ विलिसमध्ये अशी मूठ नाही, पण या एका बाबतीत मामांनी फोटो काढला नाही!

मागच्या हॉर्नसाठी डॅशबोर्ड काही करू शकत नाही. दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावले, त्यावर भांडण झालं नाही.

होळीच्या आधी शेवटचं नाटक पाहायला आम्ही तिघं निघालो; मामी पुढे, मी मागे. गाव सुटल्यावर मी मागून मामांच्या मानेकडे बघत होतो. मान हलत नव्हती, पण दर थोड्या वेळाने आरशात त्यांचे डोळे क्षणभर खाली जाऊन वर येताना दिसायचे. वहीत रेघा मारल्या असत्या तर पान भरलं असतं. सावलीजवळ चहाला थांबलो. निघताना मामांनी चावी फिरवली आणि लाल दिवा लुकलुकला.

"हा कायचा दिवा जी, डोळ्यासमोर?" मामी म्हणाल्या.

मी गप्प. मामांनी स्टार्टर मारला, दिवा विझला. गिअर टाकला, आरशात पाहिलं, गाडी रस्त्यावर घेतली आणि मग म्हणाले, "मले बारीक आवाज आयकू येत नाई ना. म्हनून."

"ते त मले दोन वर्सांपासून ठाऊक हाये," मामी म्हणाल्या. "मले वाटलं, तुमाले ठाऊक नाई."

पुढच्या सोमवारची चंद्रपूरच्या कानाच्या डॉक्टरांची वेळ मामींनी तिथूनच फोन करून घेतली.